बोटभर पाणी

रेणापुरात हाजराबीला लोक दोन कामांसाठी ओळखतात. एक गादी-रजईचं. ते खरं तर तिच्या नवऱ्याचं, खाजाभाईचं काम. पण चाळीस वर्षं कापूस पिंजून त्याच्या छातीत काय काय जाऊन बसलंय, त्यामुळं आता तो दाराशी बाजेवर बसून गिऱ्हाइकाशी बोलतो आणि आत हाजराबी टाके घालते. दुसरं काम बदकांचं. ते तिचं एकटीचं.

घरामागच्या चिंचोळ्या जागेत सिमेंटचा एक हौद आहे. त्याच्या कडेनं सहा माद्या आणि एक नर डुलत फिरत असतात. आठ-आठ दिवस नळाला पाणी न येणाऱ्या गावात बदकं पाळायची म्हणजे लोक हसणारच. खाजाभाई सगळ्यांच्या आधी हसून घेतो. "आमच्याकडं माणसांना तांब्याभर पाणी आणि बदकांना हौद," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. हाजराबी आपलं काम करत राहते. बदकांचं जुनं पाणी ती बादलीनं उपसते, शेजारणी ते आपल्या झाडांना नेतात आणि नळ आला की एकेक घागर तिच्या हौदात ओततात. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय.

तिचं माहेर उमरीकडचं. लहानपणी तिच्या गावाकडं तेलंगणातून बदकांचे कळप घेऊन माणसं यायची. कापणी झालेल्या शेतात महिना-महिना उतरायची. त्यांच्या बायकांमागं फिरत हाजराबी बदकं शिकली. लिहिता-वाचता तिला येत नाही, पण अंडं उजेडासमोर धरलं की आत जीव आहे की नाही ते ती सांगते आणि ते चुकत नाही.

सुकन्या तिच्याकडं पहिल्यांदा आली ती मार्चमध्ये, जुनी रजई नवी करून घ्यायला. सुकन्याचं घर रेणापूरपासून चार किलोमीटरवर, शेतातच. नवरा वीरभद्र, सासू बसम्मा आणि ती. रजईचा कापूस निवडता निवडता बोलणं गोगलगायींवर आलं. दोन पावसाळे झाले, सोयाबीनला दोन पानं फुटायचा अवकाश, गोगलगायी रातोरात ओळीच्या ओळी फस्त करायच्या. गेल्या जुलैत सुकन्यानं रोज संध्याकाळी बादली घेऊन त्या वेचल्या होत्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या होत्या.

"आणि सासूबाई?" हाजराबीनं विचारलं.

"आत्याबाई त्या बादलीकडं बघायच्या न्हाईत. पाप म्हणायच्या. वेचू नको असंबी म्हणायच्या न्हाईत."

हाजराबी हसली. "बदकं पाळ. बदक गोगलगाय सोडत न्हाई."

सुकन्या लिंगायत घरातली. त्यांच्या दारात कोंबडी कधी नव्हती. तिनं घरी जाऊन विषय काढला तेव्हा बसम्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"अंडी-पिल्लं आपल्या घरात?"

"खायला न्हाई आत्याबाई. गोगलगायी खातील ती."

"म्हंजे मारायचं पाप आपण बदकाच्या गळ्यात बांधायचं."

"बदकाचा तो घासच हाय. मिठात फेस येऊन मरण्यापेक्षा बरं न्हाई का?"

बसम्मानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. ती सासरी आली तेव्हापासून या घरात तिच्या होकाराशिवाय चुलीतलं लाकूड हललेलं नव्हतं. वीरभद्र पाटावर बसून दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. "बघू," तो म्हणाला. दोघींनाही तो नेहमी हेच उत्तर देत असे.

"आण," बसम्मा शेवटी म्हणाली. "पण माझी एक अट. माझ्या दारात एक जरी पिल्लू हेळसांडीनं मेलं, तर उरलेली सगळी त्याच दिवशी परत. बारकाले जीव आणून मारायला हे घर न्हाई."

सुकन्यानं ते कबूल केलं. दुसरा मार्गच नव्हता.

हाजराबीनं बारा अंडी खुडूक कोंबडीखाली बसवली. बदकाची मादी अंड्यांवर धड बसत नाही, हा तिचा अनुभव. कोंबडी बसते, पण तिला एकवीस दिवसांची सवय. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस लागतात. शेवटचा आठवडाभर हाजराबीनं तिला टोपलीखाली झाकून ठेवली आणि दाणापाणी जागेवर दिलं. अकरा पिलं निघाली. बारावं अंडं तिनं उजेडाला धरून आधीच बाजूला काढलं होतं.

चौथ्या दिवशी हाजराबी स्वतः पिलं घेऊन जीपनं शेतावर आली. पुठ्ठ्याचं खोकं, आत भुसा, वर एक पिवळा बल्ब, अशी तयारी सुकन्यानं केलेली होती. हाजराबीनं खोक्यात हात घालून ऊब बघितली, बल्ब दोन बोटं वर करायला लावला. मग अंगणात फतकल मारून बसली आणि सांगायला लागली.

"पाण्याच्या वाटीत गोटे टाक. चोच बुडली पायजे, नाक धुता आलं पायजे, पण आत बसता येऊ नये. दहा दिवस झाले की परात. परातीत बोटभर पाणी, उन्हात ठेवून कोमट झालेलं. मधी एक वीट, म्हंजे दमलं की चढून बसता येतं. पहिल्या दिवशी ह्या कपातला चहा संपेपर्यंत, तेवढंच. मग बाहेर, कापडानं पुसायचं, बल्बाखाली. रोज थोडं थोडं वाढव. ऊन असेल तरच. ढग आलं तर न्हाई, सांज झाली तर न्हाई."

"बदकांना पाण्याचं एवढं?" सुकन्यानं विचारलं.

"आईच्या पोटाखाली झोपलेल्या पिलाला आईच्या पिसाचं तेल लागतं. मग पाणी वरच्या वर निसटतं. यांना कोंबडीनं उबवलं, कोंबडीकडं तेल कुठलं. ह्यांची लव भिजते, जड होते, थंडी आत शिरते. पोहायचं त्यांना येतंच. पोहून बाहेर यायचं शिकवावं लागतं."

शेताच्या कडेला शेततळं होतं. गेल्या वर्षीच खोदलेलं, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, उन्हात चकाकणारा. हाजराबी उठून तिथवर गेली आणि काठावरून बघून आली.

"पोटाखाली खरी पिसं येईस्तोवर तिकडं न्यायचं न्हाई. दोन महिने तरी. आणि नेशील तेव्हा चढायला काहीतरी बांध. त्या कागदावर कुत्रं चढत न्हाई, पिल्लू काय चढणार."

हे सगळं तिनं सुकन्याला सांगितलं. बसम्मा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, हाजराबीकडं पाठ करून नव्हे, पण तोंड करूनही नव्हे. तिला ऐकू गेलं का नाही ते कळलं नाही. आणि सुकन्यानंही पुढं कधी सासूला ते समजावून सांगितलं नाही. सासूला समजावून सांगण्याची रीत त्या घरात नव्हती. आठ वर्षं झाली लग्नाला, पण मिठाचं प्रमाणसुद्धा सुकन्या विचारून घालायची.

दहाव्या दिवसापासून अंगणात परात आली. बसम्माचीच परात, ती सणाला पुरणाची कणीक भिजवायला काढायची ती. सुकन्यानं साधी मागितली होती. बसम्मानं स्वतः माळ्यावरून मोठी काढून दिली. अकरा पिवळे गोळे परातीत उतरायचे, एकमेकांच्या अंगावरून जायचे, चोची पाण्यात खुपसून माना झटकायचे. पाच-सहा मिनिटांत सुकन्या त्यांना उचलायची आणि पिलं किंचाळायची.

"खेळू दे की जरा," बसम्मा म्हणायची.

"एवढंच सांगितलंय त्यांनी."

"हाजराबीनं सांगितलं म्हंजे वेदवाक्य."

पण तिसऱ्या दिवसापासून बसम्मा शेपू बारीक चिरून ठेवायला लागली. पाचव्या दिवशी सुकन्यानं बघितलं, सासू खोक्यापाशी वाकून कानडीत काहीतरी बोलतेय. ती उदगीरकडची. माया आली की तिच्या तोंडी माहेरचे शब्द यायचे, आणि वीरभद्र मोठा झाल्यापासून ते घरात कुणी फारसे ऐकले नव्हते. सुकन्याला बरं वाटलं. तिला वाटलं, अट आता अटीपुरती राहिली.

पिलं अठरा दिवसांची झाली त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. वारं सुटलं, आंबे पडले, लाईट गेली. सकाळीही लाईट आलेली नव्हती. वीरभद्र पहाटेच लातूरला गेला होता. सुकन्या गोठ्यात म्हशीची धार काढत होती. बसम्माची पूजा झाली होती. खोक्यात पिलं गारठून एकमेकांवर चढत, चिवचिवत होती. बल्ब बंद आहे म्हणून ती ओरडतात हे बसम्माच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, पाणी मागतात. काल दिवसभर ढग होते म्हणून परात झाली नव्हती. तिनं दुरडीत पदर अंथरावा तसं जुन्या लुगड्याचं धडपं अंथरलं, अकरा पिलं त्यात ठेवली आणि शेततळ्यावर नेली. पाण्यातला जीव, पाण्यात सोडला की शांत होईल, इतकंच तिच्या मनात होतं.

पिलं पाण्यात उतरली आणि अशी काही पोहली की बसम्मा काठावर बसून हसली. सगळी ओळीनं, मागं बारीक रेघा सोडत तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. तिला वाटलं, उगीच सून परातीत कोंडत होती. मग पिलं वळली, काठाकडं आली आणि काळ्या कागदावर पाय मारायला लागली. चढायची, घसरायची. पुन्हा चढायची. पाठीवरची लव चिकटून खालची कातडी दिसायला लागली. अंगं पाण्यात खोल गेली. नुसत्या माना वर राहिल्या.

बसम्माची हाक ऐकून सुकन्या धावत आली. तिनं साडी खोचली आणि कागदावर पाय ठेवला. पाय सर्रकन गेला. ती गवताला धरून वर आली. मग तिनं हाजराबीला फोन लावला.

"तू कुठं उभी हायस?" हाजराबीनं आधी तेच विचारलं.

"काठावर. कागदावर उतरू का, चाची?"

"न्हाई. अजिबात न्हाई. तू गेलीस तर पिलं मोजायला कोण राहील. घरात तरट हाय? तागाचं, खरखरीत."

"बारदान हाय. सोयाबीनचं जुनं."

"ते आण. दोन-तीन एकाला एक बांध. वरचं टोक खांबाला बांध, खालचं पाण्यात सोड, भिजू दे. आणि कण्यांची वाटी वाजव. रोज वाजवतीस तशीच. घाबरून ओरडू नको, ओरडलीस तर ती मधी पळतील."

बारदानं बसम्मानं आणली. साठीतली बाई, पळत गेली, पळत आली. तारेच्या कुंपणाचा खांब होता, त्याला सुकन्यानं गाठ मारली. ओलं तरट कागदाला चिकटलं. तिनं वाटी वाजवली. ओरडली नाही, नुसती वाजवत राहिली. पहिलं पिल्लू तरटाला लागलं, त्याच्या नखांना धागा मिळाला, आणि ते माणसासारखं दमत, थांबत वर आलं. मग दुसरं. मग तीन एकदम. नऊ आली. दहावं तरटापाशी येऊन थांबलं. बसम्मानं आडवं पडून, सुकन्यानं तिचे पाय धरलेले, दुरडीनं त्याला ओढून घेतलं. अकरावं पाण्यावर होतं, पण पोहत नव्हतं.

हाजराबी पाऊण तासानं आली. हातात कापसाची पिशवी आणि रिकामी टोपली. चुलीशेजारी पिलं एका धडप्यात गुंडाळलेली होती. तिनं ती आधी चुलीपासून मागं घेतली. एकेकाला कापसानं टिपलं, पोटाकडून, मग पंखांखाली. तोंडात पाणी, दूध काही घालू दिलं नाही. गरम पाण्याच्या बाटलीला कापड गुंडाळून तिच्याभोवती कापसाचं घरटं केलं आणि वर परडी पालथी घातली. दहावं पिल्लू तिनं स्वतःच्या पोलक्यात ठेवलं आणि तशीच बसून राहिली, तासभर, न हलता.  मग तिच्या गळ्याशी काहीतरी हललं आणि पोलक्यातून पिवळी चोच बाहेर आली.

"हिला भूक लागली," हाजराबी म्हणाली.

सुकन्या तिथंच भिंतीला टेकून रडली.

दहाही पिलं कण्या टिपायला लागल्यावर हाजराबीनं टोपली पुढं ओढली आणि त्यात कापूस पसरायला सुरुवात केली. सुकन्याला कळलं. तिनंच हाजराबीला अटीचं सांगितलं होतं.

"हे काय करायलीस?" बसम्मानं दारातून विचारलं. मेलेलं पिल्लू तिच्या हातात होतं. त्याच्या कपाळाला तिनं विभूती लावली होती.

"घेऊन जाते. तुमचा शब्द हाय, बसम्माबाई. मला माहीत हाय."

"टोपली ठेव खाली."

हाजराबीनं ठेवली.

"अट मी सुनेसाठी घातली होती," बसम्मा म्हणाली. "सुनेनं पाळली. जीव गेला तो माझ्या हातून. तिची बदकं का जावीत?" मग आवाज खाली गेला. "मला वाटलं ती पाण्यासाठी रडतात."

सुकन्याला काहीतरी बोलायचं होतं. 'मी सांगायला पायजे होतं' असं काहीतरी. तिनं ते म्हटलंही, पण पुटपुटत. बसम्मानं ऐकलं.

"सांगायला पायजे होतंस," ती म्हणाली. रागानं नव्हे. "मी ऐकलं असतं का ते मला ठाव न्हाई. पण सांगायला पायजे होतंस."

हाजराबीनं पाय पसरले. "माझी सात गेली होती," ती म्हणाली. "ह्याच गावात, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. कळपवाली बाई मला माहेरी पाच-सहा अंडी द्यायची, ती मी उबवून वाढवायची. इथं आल्यावर वाटलं, मला सगळं येतं. नव्या हौदात सोडली. काठ असा सरळ. दुपारी बघते तर सात. सासू घरात, नणंद घरात. मला वाटलं आता माहेरी धाडतात."

"मग?"

"सासू म्हणाली, हौदात दगड रच. पायऱ्या कर. दुसऱ्या दिवशी स्वतःच दगड आणायला गेली. एक शब्द बोलली न्हाई. तिच्यासाठी मी अजून दुवा मागते."

बसम्मा पिल्लू घेऊन बाहेर गेली. बांधावर कडुनिंबाखाली तिनं ते पुरलं. लिंगायतात माणसालाही मातीच देतात. ती खुरप्यानं खड्डा नीट खोल करत होती. परत आल्यावर तिनं हात धुतले आणि हाजराबीसमोर येऊन बसली, जमिनीवर, तिच्या बरोबरीनं.

"आता मला सांग. पहिल्यापासून. तिला सांगितलंस ते सगळं."

हाजराबीनं सांगितलं. वाटीतले गोटे, बोटभर पाणी, वीट, ऊन. बसम्मा मधेमधे विचारत राहिली, शाळेतल्या पोरीसारखी नव्हे, बाजारात माल पारखणाऱ्या बाईसारखी. बोटभर म्हणजे आडवं बोट की उभं. चहा संपेपर्यंत म्हणजे कुणाचा चहा. वीरभद्राचा तर दोन घोटांत संपतो. हाजराबी खळखळून हसली. त्या दिवशी ती जेवून गेली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. जाताना बसम्मानं खाजाभाईसाठी चार धपाटे बांधून दिले. "कडक झाले तर दुधात बुडवून खा म्हणावं, छाती धरलेली असते त्यांची," ती म्हणाली. सुकन्या सासूकडं बघत राहिली.

परात पुन्हा सुरू झाली. सकाळचं काम बसम्मानं आपल्याकडं घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं ती बघायची नाही, हातात चहाचा कप धरून बसायची आणि घोट घोट घ्यायची. दहावं पिल्लू, पोलक्यातलं, सगळ्यांत शेवटी पाण्यात जायचं. बसम्मा त्याला ढकलायची नाही. परातीनंतर मोठं घमेलं आलं, मग वीरभद्रानं गोठ्याजवळ उतार ठेवून मातीचा एक खड्डा खणला, गुडघाभर पाण्याचा. उतार पुरेसा नाही म्हणून बसम्मानं त्याला दोनदा परत खणायला लावला. "बघू" म्हणायची सोय त्याला उरली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हाजराबी आली ती बघायला. पिलं आता पांढरी, लांब मानेची. तिनं एकेकाला उचलून उलटं केलं, पोटावरून अंगठा फिरवला. पिसं दाट आली होती. चोचीनं शेपटीकडचं तेल घेऊन ती अंगाला लावतात का, हेही ती थोडा वेळ बसून बघत राहिली.

"सोडायचं का?" बसम्मानं विचारलं. ती कुणाची तरी परवानगी मागते आहे हे वीरभद्रानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. तो गोठ्याच्या दारात थांबला.

"सोड," हाजराबी म्हणाली.

शेततळ्याच्या चारही बाजूंनी आता तरटाचे पट्टे सोडलेले होते, खांबांना तारेनं बांधलेले. एका बाजूला गाठी मारलेला दोरही होता, तो माणसांसाठी. दहा बदकं काठावर आली, पाण्याकडं बघत थांबली आणि एकामागून एक उतरली. पाणी त्यांच्या पाठीवरून थेंब होऊन ओघळत होतं, आत जात नव्हतं. ती मध्यापर्यंत गेली. बसम्मा उभी होती. बसली नाही. तिच्या ओठांची हालचाल सुकन्याला दिसत होती. ती मोजत होती की शिवाचं नाव घेत होती, ते सांगता आलं नसतं.

बराच वेळ गेला. मग एक बदक वळलं, पूर्वेच्या तरटाला लागलं, आणि पायांवर डुलत सरळ वर चालून आलं. अंग झटकलं. त्याच्यामागून बाकीची आली. शेवटचं वर आलं तेव्हा बसम्मानं हाजराबीचा हात धरला, मनगटापाशी, आणि धरूनच ठेवला.

"तू नसतीस तर," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला सापडेना.

"तर दुसरं कुणी असतं," हाजराबी म्हणाली.

"न्हाई," बसम्मा म्हणाली. "दुसरं कुणी नव्हतं."

बदकं ओळीनं सोयाबीनच्या रानाकडं निघाली होती. पेरणी अजून व्हायची होती. सुकन्या काठी घेऊन त्यांच्यामागं गेली आणि दोघी म्हाताऱ्या काठावर तशाच उभ्या राहिल्या, हात न सोडता.